अनुमोदकाअभावी

सोमवार, ४ मार्च

पंधरा तारखेच्या सभेची विषयपत्रिका आली. पाकिटावर माझ्या आडनावात दोन चुका. नऊ वर्षं झाली मला नगरपालिकेत निवडून येऊन, पण चिटणीस कचेरीला अजून ऱ्हस्व-दीर्घ जमत नाही. लाल शाईने दुरुस्त करून पाकीट परत पाठवलं. तीस वर्षं भाषा शिकवली, हाताची सवय जात नाही.

एकूण अकरा विषय. दहा नेहमीचे, गटारं आणि दिवे. सातवा मात्र असा: ‘पूर्व भागातील बंबखाना बंद करून सदर जागा व्यापारी संकुलाकरिता देणे.’ म्हणजे रेल्वे फाटकाच्या पलीकडे राहणाऱ्यांच्या घराला आग लागली तर त्यांनी दुकानांच्या काचेत बघत बसायचं.

आम्ही एकवीस सदस्य आहोत आणि एकवीसही एकाच पक्षाचे. विरोधी पक्षाचे तिघे होते. ते गेल्या वर्षी एका दुपारी आमच्यात आले आणि संध्याकाळपर्यंत आमच्याइतकेच मुके झाले. साहेब म्हणजे नगराध्यक्षही तेच आणि पक्षाचे पुढारीही तेच. त्यांनी ‘मंजूर?’ म्हणायचा अवकाश, बटण दाबल्यासारखे वीस हात वर जातात. काय मंजूर केलं हे त्यातल्या निम्म्यांना दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळतं.

एकविसावा हात माझा. तो मांडीवर असतो.

नियम असा आहे की ठराव पटत नसेल तर सदस्याला उपसूचना मांडता येते. पण दुसऱ्या एखाद्या सदस्याने उभं राहून तिला अनुमोदन द्यावं लागतं. अनुमोदन मिळालं की ठरावाच्या आधी उपसूचनेवर मतदान, आणि तेही चिठ्ठ्या टाकून, गुप्त. अनुमोदन नाही मिळालं तर ती तिथेच बारगळते. आजवर माझ्या चौदा उपसूचना बारगळल्या. इतिवृत्तात चौदा वेळा ‘अनुमोदकाअभावी’ हा शब्द आहे, त्यातल्या नऊ वेळा ‘अनुमोदका अभावी’ असा तोडून लिहिलेला. चौदाही कात्रणं मी जपून ठेवली आहेत. माणूस किती एकटा उभा राहू शकतो याचा तो पुरावा आहे.

ही म्हणाली, “या वेळी तरी कुणाला आधी विचारून ठेवा की.”

“कुणाला विचारू? होयबांना?”

“नऊ वर्षांत एकदा तरी विचारलंत का?” असं म्हणून ती कपडे वाळत घालायला गेली. राजकारणातलं हिला काही कळत नाही.

बुधवार, ६ मार्च

धाकटा भाऊ त्याच बंबखान्यात बंबाचा चालक आहे, एकोणीस वर्षं. आज मला घेऊन गेला. जागा तशी साधीच. दोन बंब, एक जुना आणि एक त्याहून जुना. भिंतीवर खुंट्यांना टोप्या, खाली ओळीने गमबूट, त्यांत विजारी आधीच खोवून ठेवलेल्या, म्हणजे पाय घातला की माणूस तयार. फरशी इतकी स्वच्छ की आमच्या सभागृहाने लाजावं.

धाकट्याने मला बंबात शेजारी बसवलं आणि शहरातल्या मोठ्या अग्निशमन केंद्रापासून फाटकापर्यंत नेलं. घंटी न वाजवता, साध्या चालीने. फाटक बंद होतं. मालगाडी गेली, मग दुसऱ्या बाजूने पॅसेंजर. त्याने घड्याळ माझ्यापुढे धरलं. नुसतं फाटकावर अकरा मिनिटं.

“आपल्या बंबखान्यापासून पूर्वेला कुठेही चार मिनिटं लागतात,” तो म्हणाला. “हा बंद झाला की चार अधिक अकरा, अधिक शहरातून येण्याचे. तोवर आम्ही जाऊन फक्त राख भिजवायची.”

मी म्हणालो, “हे मी भाषणात घेतो. ‘राख भिजवायची.’ छान आहे.”

परतताना तो म्हणाला, “दादा, रागावू नकोस. तू नऊ वर्षं विरोध करतोयस. तुझ्या विरोधाने आजवर काही अडलंय का रे?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अडणं हा काय निकष आहे? सगळे झोपले असताना एक जण जागा असतो, याला काहीच मोल नाही? धाकटा दहावीनंतर शिकला नाही, त्यामुळे त्याला हे समजावणं कठीण जातं. मी त्याला समजावलं नाही.

शनिवार, ९ मार्च

आज सकाळी होयबाई घरी आल्या. हे नाव मीच ठेवलेलं. पूर्व भागाच्या सदस्य, शाळेचे गणवेश शिवतात, फाटकापलीकडे त्यांचं दुकान आहे. सहा वर्षांत सभागृहात त्यांच्या तोंडून फक्त ‘हो’ ऐकलंय, आणि तेही हातानेच. हात मात्र सगळ्यांच्या आधी वर.

गळ्यात मापाची पट्टी तशीच होती. चहाला नको म्हणाल्या.

“गुरुजी, सातव्या विषयावर तुम्ही उपसूचना मांडणार ना? मी अनुमोदन देते.”

मला हसूच आलं. म्हटलं, “बाई, साहेबांनी पाठवलं का?”

“साहेबांना कळलं तर माझं तिकीट गेलंच समजा. गेल्या वर्षी माझ्या दुकानामागच्या कापसाच्या गोदामाला आग लागली. वर माझी सासू झोपलेली. चार मिनिटांत बंब आला. तुमचे भाऊच होते चालवायला.” मग खुर्ची पुढे ओढून त्या हळू आवाजात म्हणाल्या, “मी बोललेय काही जणांशी. उघड हात खाली ठेवायची छाती नाही त्यांची. पण चिठ्ठी असेल तर लिहितील. फक्त मतदान चिठ्ठीवर जायला हवं.”

मी स्पष्टच सांगितलं. चिठ्ठीत लपून लिहिणाऱ्यांच्या मतांवर मला जिंकायचं नाही. या वेळी मी उपसूचना मांडणारच नाही. उपसूचना म्हणजे शेवटी तडजोड. मी ठरावावर सरळ भाषण करणार आणि सरळ विरोधात मत देणार.

त्या थोडा वेळ पट्टीचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. “मग मी मांडली तर तुम्ही अनुमोदन द्याल?”

“आधी मसुदा दाखवा. भाषा बघून ठरवू.”

“मला मापं लिहायची सवय, गुरुजी. भाषा कुठली.”

“ती शिकता येते,” मी म्हणालो. त्या गेल्यावर ही म्हणाली, एवढी बाई दारात चालून आली आणि तुम्ही तिला गृहपाठ दिलात.

मंगळवार, १२ मार्च

पक्षाची बैठक. साहेबांनी सातवा विषय सांगितला. ‘हे पक्षाचं ठरलंय,’ म्हणाले. कधी ठरलं, कोणी ठरवलं, हे विचारायचं नसतं. मी उठलोच. साहेबांनी लगेच हात वर केला. “गुरुजींना जे बोलायचं ते गुरुजी सभेत बोलतील. त्यांना भरपूर वेळ द्या. पाणी ठेवा त्यांच्यापुढे.”

सगळे हसले, पण हसण्यात भीती होती. साहेब मला वचकून आहेत हे स्पष्ट दिसतं. इतर कुणाला ते एवढा वेळ देत नाहीत.

होयबाई मागच्या रांगेत होत्या. साहेबांनी विचारलं, “पूर्व भागाला काही अडचण?” त्यांनी मान खाली घातली. मला वाटलंच होतं.

गुरुवार, १४ मार्च

भाषण जमतंय. तिसरा परिच्छेद पुन्हा लिहिला. ‘राख भिजवायची’ हे शेवटाकडे नेलं.

दुपारी होयबाईंकडून बंद पाकीट आलं. त्या वेळी मी चौथ्या परिच्छेदात होतो, तंद्री मोडली असती, म्हणून टेबलावर ठेवलं. उद्या बघू.

शुक्रवार, १५ मार्च

काय दिवस गेला! सगळं क्रमाने लिहितो.

सातवा विषय आला. चिटणिसाने ठराव वाचला, ‘संकुल’ हा शब्द ‘संकूल’ म्हणून. साहेब म्हणाले, “उपसूचना?” आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही. साहेबांना आश्चर्य वाटलेलं दिसलं. तेवढ्यात मागून खुर्ची सरकली. होयबाई उभ्या होत्या. हातात वहीचं फाडलेलं पान.

त्यांनी वाचलं: “पूर्वेकडे पर्यायी व्यवस्था न होईपर्यंत बंबखाना बंद करू नये.”

सहा वर्षांत त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. तो पातळ आहे पण कापत नव्हता. साहेबांचा चेहरा उतरला, हे मी अगदी जवळून पाहिलं. त्यांनी सावकाश विचारलं, “अनुमोदन?”

कुणी हललं नाही. बाईंनी एकेकाकडे बघितलं आणि शेवटी माझ्याकडे. मी उभा राहिलो.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला वाक्य सहनच होत नव्हतं. ‘न होईपर्यंत’! ‘न’ तिथे जादा आहे. ‘होईपर्यंत’ तरी म्हणा, नाहीतर ‘होत नाही तोपर्यंत’ म्हणा. हे मी तीस वर्षं मुलांना बजावलं. असा मजकूर इतिवृत्तात कायमचा राहणार, आणि त्याखाली माझं नाव?

साहेब म्हणाले, “गुरुजी, अनुमोदन देताय?”

“अनुमोदन नाही, दुरुस्ती. ‘न’ जादा आहे.”

आधी कुणाला समजलं नाही, मग सगळं सभागृह हसलं. ताण सैल झाला. साहेब सगळ्यांत मोठ्याने हसले आणि त्याच श्वासात म्हणाले, “म्हणजे अनुमोदन नाही. उपसूचना अनुमोदकाअभावी बारगळली. पुढे चला.” मी दुरुस्तीनंतर आणखी काही म्हणणार होतो की काय, आता आठवत नाही. सगळं फार लवकर झालं.

बाई उभ्याच राहिल्या, मग बसल्या.

त्यानंतर माझं भाषण. चोवीस मिनिटं. कुणी मधे बोललं नाही. ‘राख भिजवायची’ला प्रेक्षकांत बसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मतदान झालं, हात वर. ठरावाच्या बाजूने एकोणीस. विरोधात दोन.

दोन! होयबाईंचा हातही खाली होता. नऊ वर्षांत पहिल्यांदाच माझ्याबरोबर कुणी तरी होतं आणि मला ते, खरं लिहितो, आवडलं नाही.

घरी आल्यावर टेबलावरचं पाकीट उघडलं. तेच वाक्य, तोच जादा ‘न’. खाली लिहिलं होतं: ‘गुरुजी, भाषा तपासून द्यावी. तुम्ही सुधारून दिलंत तर मी पाठ करून येईन.’

शनिवार, १६ मार्च

पेपरात ‘बंबखाना बंद होणार, दोघांचा विरोध’. माझ्या भाषणावर एक ओळ. फोटो होयबाईंचा. चोवीस मिनिटं बोललो मी, आणि फोटो एका वाक्याचा, तोही चुकीच्या वाक्याचा.

हिने पेपर वाचला, घडी घातली आणि मला चहा न विचारता स्वतःपुरता केला. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, असं पहिल्यांदाच झालं.

सोमवार, १८ मार्च

काल रविवार. धाकटा दर रविवारी जेवायला येतो. काल आला नाही. फोन केला तर म्हणाला, “ड्युटी आहे.” मागे कॅरमच्या सोंगट्यांचा आवाज येत होता.

बुधवार, २० मार्च

होयबाईंना पक्षातून काढलं. शिस्तभंगाची कारवाई. पुढच्या निवडणुकीत तिकीट नाही, गणवेशाचं पालिका शाळांचं काम होतं तेही गेलं.

मला काहीच आलं नाही. टपाल दोनदा बघितलं.

संध्याकाळी तडक साहेबांच्या कचेरीत गेलो. म्हटलं, “मीही विरोधात मत दिलंय. मला नोटीस का नाही?”

साहेबांनी मला बसवलं. चहा मागवला. फार प्रेमाने बोलले. “गुरुजी, तुम्हाला कशाला नोटीस? तुम्ही बोललात की लोकांना वाटतं चर्चा झाली. पेपरवाल्यांना वाटतं पक्षात मोकळेपणा आहे. बाहेरचे पुढारी आले की मी तुमचं नाव अभिमानाने सांगतो.”

“पण माझं मत विरोधात होतं.”

“तुमचं मत आम्ही आधीच वजा केलेलं असतं. एकविसातून एक. वीसच मोजतो आम्ही, पहिल्यापासून.” मग जरा पुढे झुकून म्हणाले, “त्या दिवशी मात्र तुम्ही उभे राहिलात तेव्हा मला वाटलं, विषय हातचा गेला. बाईंनी गुपचूप माणसं जमवली होती, मला नंतर कळलं. पण तुम्ही तुम्हीच निघालात. त्या ‘न’चे उपकार आहेत हो आमच्यावर.”

आणि माझी पाठ थोपटली. मी चहा संपवला. तो का संपवला, तेव्हाच का नाही उठलो, हे मला सांगता येत नाही.

गुरुवार, २१ मार्च

वजा.

शुक्रवार, २९ मार्च

आठ दिवस काही लिहिलं नाही. चौदा कात्रणं काढून बसलो होतो. प्रत्येक वेळी साहेब मला किती वेळ देत होते ते आता दिसतं. एकदाही मला कुणी अडवलं नव्हतं. मीच स्वतःला धोकादायक समजत आलो. शरम वाटली, दुसरा शब्द नाही.

कोटाचं बटण तुटलं होतं. तेवढं निमित्त करून फाटक ओलांडून बाईंच्या दुकानात गेलो. अर्धे कप्पे रिकामे. त्या मशीनवर होत्या. कोट घेतला, बघितला, म्हणाल्या, “बटण तुटलेलं नाही, कापलंय.”

मी खाली बघितलं. म्हणालो, “पाकीट मी उघडलं नव्हतं.”

“ते कळलं मला तेव्हाच.”

“उघडलं असतं तर...”

“तर ‘न’ गेला असता,” त्या म्हणाल्या. बटण लावता लावताच बोलत होत्या, रागाने नाही. “माझ्यासकट अकरा होते, गुरुजी. एकविसातले अकरा. मी प्रत्येकाच्या घरी दोनदा गेले होते. तुम्हाला त्यात धरलंच नव्हतं. तुम्ही चिठ्ठीत काय लिहाल याचा भरवसा नव्हता. तुम्ही फक्त उभं राहायचं होतं.”

“ते अकरा कोण?”

“तुम्ही त्यांना होयबा म्हणता ना? मग कशाला विचारता?”

बटणाचे पैसे घेतले नाहीत. ते घेतले असते तर बरं झालं असतं.

सोमवार, ८ एप्रिल

विषयपत्रिका आली. पहिला विषय नेहमीचा: मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. हा विषय कुणी वाचतसुद्धा नाही. पण इतिवृत्त कायम झाल्याशिवाय कुठल्याच ठरावाची अंमलबजावणी होत नाही. आणि एखाद्या सदस्याने हरकत घेतली, तिला अनुमोदन मिळालं, तर इतिवृत्त पुढच्या सभेपर्यंत थांबतं. हा नियम मला पाठ आहे. नऊ वर्षांत वापरायचं सुचलं नाही, कारण त्यात भाषणाला वाव नाही.

तीन सदस्यांकडे गेलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या दारात असा उभा राहिलो. पहिल्याने दार उघडलं, मला बघून घाबरला आणि म्हणाला, “घरात कुणी नाही.” दुसरा अर्धा तास गुडघेदुखीवर बोलला, त्याला उभं राहणं डॉक्टरने मना केलं आहे म्हणे. तिसऱ्याने सरळ सांगितलं, “गुरुजी, तुमच्यामागे कोण उभं राहणार? तुम्ही ऐन वेळी आमचीच वाक्यं सुधारायला लागाल.”

एरवी मी या तिघांवर दोन पानं लिहिली असती. तिसऱ्याचं वाक्य शुद्ध होतं आणि खरंही.

बाईंना विचारायला गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

सोमवार, १५ एप्रिल

धाकटा सभेला आला होता, गणवेशात, प्रेक्षकांत मागे उभा. त्याच्याबरोबर बंबखान्याचे सहा जण. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. त्यांना मोठ्या केंद्रावर हजर व्हायचे कागद मिळाले आहेत, उद्याच्या तारखेचे.

चिटणीस म्हणाला, “मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे.” साहेब म्हणाले, “कायम,” आणि पुढचं पान उलटलं. मी उठलो.

“हरकत आहे.”

साहेब हसले. “बोला गुरुजी. शुद्धलेखन?”

“शुद्धलेखन बरोबर आहे. पान सहावर लिहिलंय की मी दुरुस्ती सुचवली आणि उपसूचना अनुमोदकाअभावी बारगळली.”

“मग? तसंच झालं ना?”

“तसंच झालं. तसं व्हायला नको होतं. इतिवृत्त चुकलेलं नाही, मी चुकलो. पण नियमात हरकतीचं कारण द्यावं लागत नाही, म्हणून देत नाही. हरकत आहे, एवढंच.”

भाषण नव्हतंच. हात रिकामे, कागद नाही.

साहेबांचं हसू गेलं. “अनुमोदन?”

मी आजवर हा शब्द ऐकला की समोर बघायचो, कुणी उठत नाही याची खात्री करून घ्यायला. आज मागे वळलो. एकोणीस चेहरे. गुडघेदुखीवाला छताकडे बघत होता. म्हणालो, “कुणी द्याल का?” आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. साहेबांनी पेन उचललं.

मग मी बाईंकडे बघून, सगळ्यांसमोर, म्हणालो, “बाई, तुम्ही द्याल का?”

त्या लगेच उठल्या नाहीत. मला वाटतं त्यांनी मला मुद्दाम उभं ठेवलं, आणि ते योग्यच होतं. साहेब म्हणाले, “तर मग...” तेव्हा त्या उठल्या.

“अनुमोदन आहे,” त्या म्हणाल्या. “आणि यात जादा काही नाही.”

मागून धाकट्याच्या कुणा सोबत्याने शिटी वाजवली. साहेबांनी नियमपुस्तक मागवलं, चिटणिसाने बोट ठेवलं, दोघांनी दोनदा वाचलं. शेवटी साहेब म्हणाले, “इतिवृत्त पुढील सभेपर्यंत स्थगित.” माझ्याकडे त्यांनी ज्या नजरेने बघितलं तशा नजरेने आधी कधी बघितलं नव्हतं. त्यात प्रेम अजिबात नव्हतं.

बाहेर धाकटा जिन्यात थांबला होता. “महिना मिळाला, दादा,” एवढंच म्हणाला. बाई मागून उतरल्या. म्हणाल्या, “महिन्यात त्या बाकीच्या दहांकडे पुन्हा जावं लागेल. या वेळी तुम्ही बरोबर चला. बोलू मात्र नका.”

बरं म्हटलं.

मंगळवार, १६ एप्रिल

सकाळी पक्षाची नोटीस आली. शिस्तभंग, खुलासा करा, सात दिवस. हिने ती वाचली, चहा ठेवला, दोन कप.

पेपरात तिसऱ्या पानावर चार ओळी. ‘काही सदस्यांच्या हरकतीमुळे बंबखान्याचा निर्णय लांबणीवर.’ माझं नाव कुठेच नाही. आधी मी सवयीने चिडलो, पेनही उचललं. काही सदस्य! मग पुन्हा वाचलं. ‘सदस्यांच्या’ हे अनेकवचन आहे. बरोबर आहे.